कवळी धुण्याची गोळी माणसांवर तपासायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर आहात आणि कवळी धुण्यासाठी पाण्यात फसफसणारी गोळी तयार केली आहे. तिच्यात सोडियम बायकार्बोनेट, सायट्रिक अ‍ॅसिड, सोडियम परकार्बोनेट, पोटॅशियम मोनोपरसल्फेट, थोडं एन्झाइम, निळा रंग आणि पुदिन्याचा वास आहे. एक चाचणी संस्था ३० कवळीधारकांवर २८ दिवस वापर करून 'सुरक्षित आणि वापरणाऱ्यांना पसंत' असा अहवाल द्यायला तयार आहे. एवढं पुरेल का, आणि नसेल तर आणखी काय करायला हवं, असं तुम्ही विचारता.

मी २६ वर्षं कवळ्या बनवते आहे. अशा उत्पादनांच्या काही चाचण्यांमध्ये तोंडं तपासण्याचं कामही केलं आहे. त्या अनुभवावरून सांगते: ३० जणांची चाचणी जरूर करा, फक्त तिला देता येणार नाही असं उत्तर तिच्याकडे मागू नका.

आधी हिशेब बघा. ३० जणांपैकी एकालाही काही झालं नाही, तर धोका शून्य असं अहवालात लिहावंसं वाटतं. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा आहे. एकही घटना आढळली नाही, तर ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. याचा अर्थ, तुमच्या गोळीने दर दहा माणसांत एकाला त्रास होत असला, तरी ३० जणांची चाचणी कोरी सुटू शकते. ३०० माणसं घेतलीत तर ही वरची मर्यादा १ टक्क्यावर येते, ३,००० घेतलीत तर हजारात एकावर. लहान उद्योगाला ३,००० माणसं परवडणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून कोणता धोका माणसांवर तपासायचा, कोणता प्रयोगशाळेत आणि कोणता आधीच माहीत आहे असं धरून चालायचं, ही वाटणी पहिल्या दिवशीच करायला हवी.

तुमच्या गोळीतला एक धोका तर आधीच माहीत आहे. २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने कवळी धुण्याच्या उत्पादनांमधल्या परसल्फेटबद्दल इशारा दिला आणि उत्पादकांना लेबल बदलायला सांगितलं. त्यांच्याकडे तीव्र त्रासाच्या ७३ तक्रारी आल्या होत्या, त्यांत किमान एक मृत्यू होता. हिरड्या दुखण्यापासून अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, रक्तदाब उतरणं इथपर्यंत लक्षणं होती. काहींनी गोळी चघळली होती, काहींनी त्या पाण्याने गुळण्या केल्या होत्या. माझ्या मते त्या इशाऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ही अ‍ॅलर्जी पहिल्या वापरानंतर लगेच दिसू शकते, तशी अनेक वर्षं बिनतक्रार वापरल्यानंतरही दिसू शकते. म्हणजे २८ दिवसांत ती सापडेलच असं नाही. ब्यूटी पार्लरमध्ये केस ब्लीच करण्याच्या पावडरीत परसल्फेट असतात आणि ते काम करणाऱ्यांना त्यामुळे दमा झाल्याची उदाहरणं वैद्यकात सर्वश्रुत आहेत. म्हणून चाचणीत घेताना प्रत्येकाला विचारा: केसांच्या ब्लीचने कधी खाज, पुरळ, धाप असं झालं होतं का? कवळीच्या गोळीने पूर्वी काही झालं होतं का? 'हो' म्हणणाऱ्याला घेऊ नका, आणि हाच प्रश्न पाकिटावरही ठळक छापा. परसल्फेटशिवाय चालणार असेल तर ते काढूनच टाका, असं मी म्हणेन. गोळी थोडी हळू काम करेल, पण अ‍ॅलर्जीचा हा माहीत असलेला धोका तरी तिच्यासोबत कोणाच्या घरी जाणार नाही.

आता प्रयोगशाळेचं काम. कोणाच्याही तोंडात कवळी जाण्याआधी हे पूर्ण झालेलं असलं पाहिजे.

कवळीधारकाच्या तोंडात तुमची गोळी जात नाही, जातं ते धुतल्यानंतर कवळीवर राहिलेलं. म्हणून किती राहतं हे मोजा. आम्ही हे असं करायचो: जुनी, वापरलेली कवळी गोळीच्या पाण्यात सांगितला तेवढा वेळ ठेवायची, मग नळाखाली बरोबर दहा सेकंद धरायची आणि ५० मिलिलिटर शुद्ध पाणी असलेल्या बीकरमध्ये सोडायची. थोड्या वेळाने त्या पाण्यात किंचित आम्ल, पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च घालायचं. ऑक्सिडीकारक (गोळीतलं परकार्बोनेट, परसल्फेट यांसारखं जंतू मारणारं रसायन) उरलं असेल तर डोळ्यांदेखत पाणी निळं-काळं होतं. मग थायोसल्फेटचे थेंब मोजत तो रंग घालवायचा, की किती उरलं होतं ते कळतं. नव्या, गुळगुळीत कवळीचं पाणी बहुतेक वेळा स्वच्छ राहतं. दहा वर्षं वापरलेली, बारीक भेगा पडलेली कवळी मात्र दहा सेकंदांच्या धुण्यानंतरही पाणी निळं करते, कारण द्रावण भेगांत आणि टाळूच्या बाजूच्या खडबडीत पृष्ठभागात बसलेलं असतं. लोकांकडे असतात त्या अशाच जुन्या कवळ्या. प्रयोग जुन्या कवळ्यांवर करा, धुण्याचा वेळ त्यांवरून ठरवा आणि पाकिटावर 'नीट धुवा' असं मोघम न लिहिता किती वेळ आणि कसं ते लिहा.

पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतल्या पाचव्या भागाप्रमाणे होते. एल-९२९ या उंदराच्या पेशी वापरून त्यांची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर नमुना पेशींना घातक धरतात. इथे एक चूक हटकून होते. गोळीचं जसंच्या तसं द्रावण पेशींवर ओतलं तर पेशी मरणारच, बुरशी मारण्यासाठीच ते केलेलं आहे. अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे कवळी ज्या प्लॅस्टिकची असते त्याच्या, ज्या पट्ट्या गोळीने धुऊन पाण्याखाली काढल्या आहेत, त्यांचा अर्क पेशींवर तपासायला हवा. तोंडाला भेटतं ते तेवढंच. संस्थेने तुम्हाला फक्त द्रावणाचा अहवाल दिला, तर तो परत करा.

मग खुद्द कवळी. उष्णतेने घट्ट केलेल्या अ‍ॅक्रिलिकला आयएसओ २०७९५-१ प्रमाणे वाकण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल लागते. गोळीत भिजवल्यानंतर ती त्याखाली जाऊ नये. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर अधिक साचतो, असं दंतशास्त्रात मानतात. स्वच्छ करणाऱ्या गोळीनेच पृष्ठभाग खरबरीत केला तर महिन्याभराचा फायदा वर्षभरात उलटतो. रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजा. आणि हे सगळं किती वेळ भिजवून करायचं, ते नीट ठरवा. पाच मिनिटांची गोळी असेल तर वर्षाचे होतात सुमारे ३० तास. पण तीच गोळी लोक रात्रभर वापरणार असतील तर आठ तासांच्या हिशेबाने वर्षाचे २,९२० तास होतात. लोक रात्रभर वापरतातच. ग्लासात टाकली की सकाळीच आठवण येते. म्हणून दोन्ही हिशेबांनी तपासा.

कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा असलेल्या अर्ध्या कवळ्या आणि आतून मऊ अस्तर लावलेल्या कवळ्या वेगळ्या तपासा किंवा 'यांसाठी वापरू नये' असं सरळ लिहा. मऊ अस्तर अशा गोळ्यांनी सच्छिद्र होतं, हे मी कितीतरी तोंडांत पाहिलं आहे.

एक गोष्ट परदेशी अहवालांत तुम्हाला मिळणार नाही, पण आपल्याकडे ती पहिल्याच आठवड्यात येते. हळदीचा डाग लागलेल्या रुमालाला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कवळीवर आमटीचा थर असतो. द्रावण अल्कधर्मी असेल तर कवळीचा तो भाग लालसर तपकिरी दिसू लागतो. एका चाचणीत एक काका रात्री साडेदहाला फोन करून म्हणाले, "मॅडम, कवळीतनं रक्त आलंय." कवळीतून रक्त कुठून येणार, हे त्यांनाही कळत होतं, पण ग्लासातला तो रंग बघून ते घाबरले होते. त्यांनी गोळी पुन्हा वापरली नाही. डाग पाण्याखाली धरल्यावर फिकट झाला, तरी त्यांचा विश्वास गेलाच. तुमच्या द्रावणाचा सामू (पीएच) किती आहे ते मोजा, हळद लावलेल्या अ‍ॅक्रिलिकवर काय होतं ते बघा आणि तसं होत असेल तर वापराच्या चिठ्ठीत आधीच सांगा. चहा, पान आणि मिश्रीच्या डागांवरही तपासा. दात गेल्यावरही हिरड्यांना मिश्री लावणाऱ्या बायका माझ्याकडे आजही येतात, आणि त्यांच्या टाळूवरचा पांढरेपणा किंवा लाली गोळीच्या खाती चुकून पडू शकते.

पाणी हाही तुमच्या उत्पादनाचाच भाग आहे. सूचनेत 'कोमट पाणी' लिहिलं की कोणी अंघोळीचं कढत पाणी घेतं. कढत पाण्यात कवळीचा आकार बिघडतो, आणि परकार्बोनेटमधून सुटणाऱ्या पेरॉक्साइडच्या जोडीला अ‍ॅक्रिलिक पांढरं पडतं. मी तर 'साधं पाणी' असंच लिहायला सांगते आणि गोळी साध्या पाण्यात विरघळेल अशी बनवायला सांगते. बोअरच्या जड पाण्यातही गोळी तपासा. त्यात कार्बोनेटची पांढरी साय कवळीवर बसते, आणि लोकांना वाटतं गोळीच खराब आहे.

आता माणसांकडे येऊ.

पहिले काही आठवडे नवी कवळी टोचतेच. म्हणून नव्या कवळीचा माणूस या चाचणीत घेऊ नका, किमान काही महिने बसलेली कवळी असू द्या. हलणारी, सैल कवळीही नको, कारण ती हिरडी घासून लाल करते आणि दोष गोळीला जातो. पहिल्या दिवशी तोंड बारकाईने बघा. कवळी काढल्याबरोबर टाळूवर दाबाच्या खुणा असतात, थोडा वेळ थांबून मग तपासा. ज्यांना कवळीखाली बुरशीची लाली आधीच आहे, त्यांची न्यूटनच्या वर्गीकरणाप्रमाणे नोंद करा: पहिल्या प्रकारात सुईच्या टोकाएवढे ठिपके, दुसऱ्यात पसरलेली लाली, तिसऱ्यात दाणेदार टाळू. मधुमेह, दम्याचे स्टेरॉइड पंप, कोरडं तोंड यांची विचारपूस करा. अशा माणसांना वगळून फक्त धडधाकट तोंडांवर चाचणी केली तर अहवाल सुंदर येतो, पण तुमची गोळी विकत घेणार आहेत त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह, रक्तदाब, कोरडं तोंड यांपैकी काही ना काही असणार. मला वाटतं, नियंत्रणात असलेला मधुमेह असलेले काही जण मुद्दाम घ्यावेत, अर्थात त्यांची तपासणी जास्त वेळा करून.

तुलनेसाठी दुसरा गट ठेवा. त्यांनी मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने कवळी घासायची. त्यांना स्वच्छतेविना ठेवणं चुकीचं आहे. फसफसणाऱ्या गोळीचं सोंग करता येत नाही, त्यामुळे कोणाला काय मिळालं हे माणसाला कळणारच. निदान तोंड तपासणाऱ्या दंतवैद्याला ते कळू नये, एवढं सांभाळा. आणि तो दंतवैद्य तुमच्या कंपनीचा पगारदार नको.

तपासण्या शून्याव्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जळजळ, कोरडेपणा, चवीत फरक, साल निघणं, लाली, फोड. प्रत्येक तक्रार माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या, मग वैद्यकीय शब्दात. "तोंड चरचरतं" आणि "तोंड आलंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही 'इरिटेशन' म्हणून एका रकान्यात टाकल्या की माहिती हातची गेली. चाचणी संपल्यावर दोन आठवड्यांनी एक फोन करा. वापर थांबवल्यावर त्रास गेला का, हे कारण शोधताना फार उपयोगी पडतं.

'स्वीकारार्हता' या भागाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण इथे सगळ्यात जास्त थातूरमातूर काम होतं. पाच चेहरे असलेला कागद हातात देतात, "वास कसा वाटला, ताजेपणा कसा वाटला?" आपल्याकडचे वयस्कर लोक भिडेचे. फुकट गोळ्या दिल्या, तपासणी केली, गाडीभाडं दिलं, मग ते "छान आहे हो" म्हणणारच. त्या उत्तरावर काहीही उभं करू नका. त्यांना करून दाखवायला सांगा.

एका आजींना मी चौदाव्या दिवशी म्हटलं, "आजी, घरी कसं करता ते इथंच करून दाखवा." त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि पिशवीतून गोळीचं पाकीट काढलं. ते चकचकीत पाकीट संधिवाताच्या बोटांना फाटेना. दातांनी फाडायला दात वाटीत. मग त्यांनी कमरेच्या बटव्यातून अडकित्ता काढला, पाकिटाचा कोपरा कातरला, गोळी हातावर घेतली आणि अडकित्त्यानेच तिचे दोन तुकडे केले. एक पाण्यात टाकला, दुसरा पाकिटात घालून रबर लावून ठेवला. "एवढी मोठी गोळी एका कवळीला कशाला? दोन दिवस जाते." डायरीत त्यांच्या सगळ्या चौकोनांवर बरोबरच्या खुणा होत्या, आणि प्रश्नावलीत 'वापरायला सोपी' पुढे पूर्ण गुण. त्या अर्ध्या गोळीने बुरशी जात होती की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. उरलेला तुकडा दमट हवेत पडून दुसऱ्या दिवशी नीट फसफसतही नसणार. तेव्हापासून मी प्रत्येक चाचणीत उरलेली पाकिटं परत मागवून मोजते आणि करून दाखवायला सांगते. तुमच्याही आराखड्यात हे घालाच.

घरात कवळी कोण धुतं, तेही विचारा. कितीतरी घरांत ते काम सून, मुलगी किंवा सांभाळायला ठेवलेल्या बाई करतात. वृद्धाश्रमात एकच मावशी रोज वीस-पंचवीस कवळ्या धुतात. त्यांचे हात, त्यांनी श्वासात घेतलेली पाकिटातली भुकटी, हाही सुरक्षेचा भाग आहे, आणि परसल्फेट असेल तर विशेषच. ३० कवळीधारकांबरोबर आठ-दहा सांभाळणाऱ्यांचीही नोंद ठेवा.

पसंतीचा खरा अंदाज घ्यायचा एक साधा मार्ग मला पटतो. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येकाला निवड द्या: महिनाभराच्या गोळ्या घ्या किंवा तेवढ्याच किमतीची दुसरी उपयोगी वस्तू घ्या. किती जण गोळ्या उचलतात ते मोजा. त्यांची पसंती त्यातून जेवढी कळेल, तेवढी पाच चेहऱ्यांच्या कागदातून कळणार नाही.

गिळण्याचा धोका वेगळा घ्या. फसफसणारी गोळी म्हटलं की आपल्या लोकांना पित्ताची किंवा कॅल्शियमची गोळी आठवते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाने ती तोंडात टाकणं, किंवा रात्री तहान लागल्यावर उशाशी ठेवलेला ग्लास उचलून पिणं, हे होऊ शकतं. तुमचा निळा रंग काही वेळाने उडतो. उडल्यावर ते पाणी साध्या पाण्यासारखंच दिसतं. म्हणून गोळीबरोबर झाकणाचा डबा द्या, पिण्याचा ग्लास वापरायला सांगू नका, आणि चाचणीतही तोच डबा वापरा. गिळलं गेलं तर उलटी करवू नका, पाकीट घेऊन थेट दवाखान्यात जा, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा.

कागदपत्रांचं थोडक्यात: एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या) मंजुरीशिवाय पहिला माणूस घेऊ नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, चाचणी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवा. संमतीपत्रक मराठीत, वाचून दाखवून. सही येत नसेल तर अंगठा आणि कंपनीशी संबंध नसलेला साक्षीदार. त्रास झाला तर उपचारांचा खर्च कोण करणार, हे त्यातच लिहिलेलं हवं. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली तुमचं उत्पादन कसं बसतं, हे जाणकाराकडून आधी पक्कं करून घ्या. बाजारात आल्यावरच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया हा वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे. ३० जणांत न दिसलेली अ‍ॅलर्जी पुढे कधीतरी अशा तक्रारींतूनच सापडेल, म्हणून पाकिटावर फोन नंबर द्या आणि तो उचलायला माणूस ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलं होतं, पाच मिनिटांची गोळी म्हणून विकावी की रात्रीची. रात्रीची म्हणून विका. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं होतं. पाच मिनिटांत धुऊन कवळी परत तोंडात गेली तर माणूस तिच्यासकटच झोपतो. गोळीच्या निमित्ताने ती रात्रभर डब्यात राहिली तर हिरड्यांनाही आराम मिळतो. पण मग आठ तासांच्या भिजण्याने कवळीचं काही बिघडत नाही, हे २,९२० तासांच्या हिशेबाने सिद्ध करून द्यावं लागेल. पट्ट्या भिजवायला आजच सुरुवात करा, सलग भिजवल्या तरी चार महिने लागतील. तोवर चाचणीचा आराखडा मला पाठवा, ओळ न ओळ वाचून देईन. आणि अहवाल आल्यावर पाकिटावर '१०० टक्के सुरक्षित' लिहू नका. '३० कवळीधारकांनी २८ दिवस दंतवैद्याच्या देखरेखीखाली वापरून पाहिलेली' एवढं लिहा, आणि त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, परसल्फेटची सूचना.